थिनरच्या नऊ फेऱ्या

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

टायरवाले दरवर्षी डायरी देतात आणि दरवर्षी ती कोरीच राहते. यंदा रविराज म्हणाला, "मावशी, कागदांचं सगळं आता तुमच्याकडे. काय ठरलं, कधी ठरलं, लिहून ठेवत जा." तो ऑफिसपुरतं म्हणाला असावा. ऑफिसची नोंदवही मी ठेवतेच. ही घरी आणली.

मारुतरावांच्या ट्रान्सपोर्टमध्ये मला एकोणीस वर्षं झाली. चिखलीत त्यांच्या जुन्या शेतावरच यार्ड आहे, गाड्या सहा. गेल्या वर्षापासून मारुतरावांनी सगळं रविराजवर सोपवलंय. तो अकरा वर्षांचा असल्यापासून मला मावशी म्हणतो. आज त्याने मला नवीन रबरी शिक्का करून आणून दिला. 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता', खाली माझं नाव. एकोणीस वर्षांत माझं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

नवीन काम आलंय. चाकणला मोटारींचे बंपर रंगवणारी एक कंपनी आहे. तिथले वापरलेल्या थिनरचे ड्रम नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात न्यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. तिथे ते गाळून पुन्हा वापरतात म्हणे. रविराज म्हणाला, "याला कुठला फॉर्म लागतो तेवढं बघा. सही तुमचीच राहू दे, मी सारखा बाहेर असतो."

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस डोळे फोडून वाचतेय. नियम इंग्रजीत, ते समजून घेऊन मनातल्या मनात मराठी करायचं, मग मराठी पुन्हा विसरायचं.

मला कळलं ते असं. ड्रममध्ये आहे तो 'माल' असेल तर एक वाट. कंपनीचं बिल, ई-वे बिल, आमची बिल्टी, म्हणजे माल गाडीत घेतल्याची पावती, गाडीवर धोक्याचा बोर्ड, ड्रायव्हरला प्रशिक्षण, आणि काही झालं तर काय करायचं याचं एक कार्ड. पण तो 'घातक कचरा' असेल तर दहा नंबरचा फॉर्म. त्याच्या सात प्रती, सात रंगांच्या. पाठवणारा, नेणारा, घेणारा असे तिघेही सही करतात आणि प्रती प्रदूषण मंडळाकडे जातात. किती ड्रम निघाले आणि किती पोचले, सगळं त्यात येतं.

मग वापरलेलं थिनर माल की कचरा? मी कंपनीच्या मधुसूदन सरांना फोन केला. तिथला पाठवणीचा विभाग त्यांच्याकडे आहे, निगडीला राहतात, बोलणं सौम्य. म्हणाले, "जयमालाबाई, समोरचे ते विकत घेतात. कचरा कुणी विकत घेतं का?"

पटलं. माल म्हणून ठरवलं.

बाहेर मारुतराव लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. विचारलं, "सही कुणाची हाय?" म्हटलं, माझी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली फेरी गेली. भिवाला दिली. आमच्याकडचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, कधी गाडी घासली नाही की कुणाशी भांडला नाही. त्याला रस्ता काढून दिला तर कागद न बघताच म्हणाला, "म्हाईत हाय बाई. पेट्रोलपंपाच्या म्होरं डावीकडं, मागलं गेट." अनुभवी माणूस असला की असं असतं. सांगावं लागत नाही.

बिल्टीवर शिक्का मारला. शाई जरा पसरली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मारुतरावांनी आज पुन्हा विचारलं, सही कुणाची. गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं. वय झालंय त्यांचं. त्यांची बायको सुभद्राबाई गेल्यापासून ते एकच गोष्ट चारदा विचारतात. मी पुन्हा सांगितलं, माझी. मान हलवत बसले.

सरांच्या मेलसोबत थिनरचं एक पत्रक आलं होतं, आठ पानांचं, बारीक अक्षरात. फाइलला लावलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भिवाचं लक्ष नसतं हल्ली. गेटपास गाडीतच ठेवून आला, मग परत जाऊन घेऊन आला आणि बिल्टी तिथेच विसरला. वर माझ्यावरच चिडला. तो कधी असा बोलत नाही. डोकं दुखतं म्हणतो. मी म्हटलं, तंबाखू कमी करा. तर म्हणाला, "तंबाखूची चवच लागंना, ती सोडल्यातच जमा हाय." म्हणजे चांगलंच झालं.

मागल्या गेटवर तीन-तीन तास थांबवतात त्याला. केबिनमध्येच झोपतो म्हणे. ड्रमची झाकणं गळतात अशीही कुरकुर असते.

६ मार्च, गुरुवार

कंबर धरलीय. चिंचवडहून चिखलीची बस, मग चालणं. रिक्षा रोज परवडत नाही.

यार्डातल्या गॅसवर दूध ठेवलं होतं. भिवा शेजारीच बाकावर बसला होता. मी आत फोनवर. वासाने धावत आले तर दूध उतू जाऊन करपलेलं, पातेलं काळंठिक्कर, आणि हा समोर बसून मोबाइलकडे बघतोय. म्हटलं, "भिवाभाऊ, वास नाही आला?" तर पातेल्याकडे असा बघायला लागला जसं काही ते आत्ताच कुणी तिथे ठेवलंय. मी बरंच बोलले. नंतर वाईट वाटलं, पण पातेलं मलाच घासावं लागलं.

१२ मार्च, बुधवार

काल नववी फेरी गेली. आज दुसऱ्याच एका गाडीच्या कामासाठी प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात जावं लागलं. रांग, मग जेवणाची सुट्टी, मग पुन्हा रांग. टेबलावर एक तरुण अधिकारी बाई होत्या. माझं काम झाल्यावर सहज विचारलं, वापरलेलं थिनर कुणी विकत घेत असेल तर कागद कुठला?

त्या म्हणाल्या, "विकत घेतात की फुकट देतात हा प्रश्नच नाही. कारखान्यात वापरून झाल्यावर उरलेलं आहे ना?"

म्हटलं, हो.

त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. पहिल्या यादीत विसावा क्रमांक. वापरलेली द्रावकं, म्हणजे थिनरसुद्धा. तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ती यादी वाचली होती. अठराव्यापर्यंत वाचली होती, मग डोळे दुखायला लागले म्हणून ठेवून दिली.

"दहा नंबरचा फॉर्म लागेल. पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे आमची परवानगी पण हवी," त्या म्हणाल्या. "तुमच्या ट्रान्सपोर्टचं नाव काय?"

मी म्हटलं, मैत्रिणीसाठी विचारत होते. एक्कावन्न वर्षांची बाई आणि असं खोटं बोलले. त्यांनाही ते कळलं असावं. पुस्तक मिटून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

१३ मार्च, गुरुवार

रविराजला सांगितलं. तो मोबाइलवर होता, ऐकून झाल्यावर म्हणाला, "मावशी, सरांनी लिहून दिलंय ना, माल आहे म्हणून?"

"सरांनी फोनवर सांगितलं. लिहून कुठे दिलंय?"

"मग तुम्ही कशावरून ठरवलंत?"

म्हटलं, त्या फोनवरूनच. तो पुढे म्हणाला, "म्हणजे ठरवलं तुम्ही. सही पण तुमची. मी कधी मध्ये पडलो का? तुमच्या अनुभवावर सोडलं होतं."

आवाज चढवला नाही त्याने. पाणी आणून दिलं. म्हणाला, "हे काम गेलं तर दोन गाड्या उभ्या राहतील. आपल्यासारखे छप्पन्न बसलेत रांगेत. तुम्ही उगाच नका घाबरू. आजवर कुणी विचारलंय का?"

नऊ बिल्ट्या काढून बघितल्या. नऊ शिक्के. 'माल: थिनर (वापरलेले)'. सगळीकडे माझी सही, एकसारखी, नीट. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

उद्या धुळवड. कंपनी बंद आहे.

१८ मार्च, मंगळवार

रविराज मला चाकणला घेऊन गेला. तळवड्याच्या चौकात अर्धा तास अडकलो.

मधुसूदन सर फोटोत असावेत तसे निघाले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी पिशवीतून दहा नंबरचा कोरा फॉर्म काढून ठेवला. आमचा रकाना भरला होता. म्हटलं, "तुमचा भरा सर. मग मी सही करते, गाडी लगेच निघेल."

त्यांनी फॉर्म हातात घेतला, पूर्ण वाचला, आणि अगदी हलक्या हाताने परत माझ्याकडे सरकवला.

"यात ड्रम किती ते लिहावं लागतं," ते म्हणाले.

"हो."

"आम्हाला परवानगी आहे त्याच्यापेक्षा तिप्पट निघतात, बाई. लाइन वाढवली, परवानगी वाढवली नाही. हे मी लिहिलं की दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप. चारशे पोरं आहेत आत." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मला दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. मुलगा परदेशात शिकतोय. मी काय करू, तुम्हीच सांगा."

खरंच विचारत होते ते. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. माझ्यासारखेच दिसत होते, थकलेले.

रविराजने साधी बिल्टी पुढे केली. "मावशी, आजच्या दिवस."

मी सही केली नाही. शिक्का पिशवीतच होता, तो बाहेर काढलाच नाही. रविराज म्हणाला, "मी करतो मग," आणि पेन उघडलं. थोडा वेळ कागदाकडे बघितलं. मग पेन मिटून खिशात ठेवलं.

त्यानेही केली नाही. गाडी रिकामी परत आली.

१९ मार्च, बुधवार

यार्डात शिरले तसं मारुतरावांनी हाक मारली. म्हणाले, "केली न्हाईस म्हनं."

म्हटलं, नाही केली.

"पयल्या दिसापासनं इचारतोय, सही कुणाची, सही कुणाची. तुला वाटलं म्हातारं बरळतंय."

म्हटलं, "स्पष्ट का नाही सांगितलंत?"

"पोरगं माझं हाय ना," ते म्हणाले. नंतर बराच वेळ लिंबाच्या मुळाशी काठीने माती उकरत बसले.

एकोणीस वर्षांत मला वाटायचं की मला या घरातलं सगळं समजतं.

१ एप्रिल, मंगळवार

थिनरचं काम मोशीच्या एका ट्रान्सपोर्टने घेतलं. आठवडासुद्धा लागला नाही. आणि भिवा त्यांच्याकडे गेला. मला येऊन सांगितलंही नाही, पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. त्याला रस्ता माहीत, दोन्हीकडची गेटं माहीत, त्यांना तसाच माणूस हवा होता.

म्हणजे ड्रम जातायतच. तेच ड्रम, तोच माणूस, फक्त गाडी दुसरी आणि सही दुसऱ्या कुणाची तरी. माझ्या नाही म्हणण्याने एवढंच झालं की आमच्या दोन गाड्या उभ्या आहेत, आणि चहाला आल्यावर पोरं माझ्याशी बोलायची थांबली आहेत.

रविराज बिल्ट्या आता स्वतः लिहितो. मला जुन्या फाइली लावायला दिल्यात.

१५ एप्रिल, मंगळवार

दुपारी भिवा आला. रविराज नसताना आला, बघूनच आला असावा. वाळलाय. एक कागद पुढे केला, "बाई, ह्ये जरा वाचा."

मोशीवाल्यांनी त्याच्याकडून सही घेतली होती. लिहिलं होतं की मालाची पूर्ण माहिती मला दिलेली आहे, आणि काही झाल्यास जबाबदारी माझी. मी वाचून दाखवलं. कागद परत घेताना त्याचा हात थरथरत होता. त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

"डोकं कसंय?" मी विचारलं.

"हाय तसंच. तुमी म्हनला म्हनून तंबाखू बी सोडली. काय फरक न्हाई. घरची म्हनती भाजीत मीठ जास्त झालं तरी कळंना तुमाला. म्हनलं, वासच येत न्हाई तर चव कुठनं येनार."

"कधीपासून वास येत नाही?"

"दिवाळीनंतर हळूहळू."

म्हटलं, "भिवाभाऊ, आपलं काम फेब्रुवारीत सुरू झालं."

तो म्हणाला, "न्हाई ओ. दिवाळीपास्नं नेतोय मी. तवा कागदच नव्हता काय. मग जानेवारीत एका साहेबानं गाडी अडवली, लई बोलला, म्हनून मग तुमचा शिक्का आला."

त्याला वाटत होतं की मला माहीत आहे. एवढे दिवस त्याला तेच वाटत होतं.

तो गेल्यावर सरांच्या मेलमधलं ते आठ पानी पत्रक काढलं. चौथ्या पानावर आहे. डोकेदुखी. चक्कर. चिडचिड. विसरणं. हात थरथरणं. वास कमी होणं. बंद जागेत वाफ साठू देऊ नये. मी ते पंधरा फेब्रुवारीला फाइलला लावलं होतं, भोकं पाडून.

त्याला करपलेल्या दुधावरून बोलले होते मी.

१७ एप्रिल, गुरुवार

भिवाला घेऊन पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये गेले. सकाळी आठला रांगेत, साडेअकराला नंबर. केसपेपरवर व्यवसायापुढे खिडकीवरच्या बाईंनी 'ड्रायव्हर' लिहिलं.

डॉक्टर पंचविशीतला मुलगा होता, आदल्या दिवसाची दाढी. भिवाचे हात पुढे करायला लावले, बोटं बघितली. मग न बघताच विचारलं, "दारू किती?"

"घेत न्हाई."

"सगळे असंच म्हणतात, काका."

भिवाने मान खाली घातली. मी म्हटलं, "डॉक्टर, ते घेत नाहीत. सहा महिने ते वापरलेल्या थिनरचे ड्रम नेतायत. आठवड्यातून दोनदा. झाकणं गळतात, हे केबिनमध्येच झोपतात. त्यात टोल्युइन आहे, झायलिन आहे." पत्रक त्याच्या टेबलावर ठेवलं.

त्याने पेन खाली ठेवलं. चौथं पान वाचलं, मग पहिल्या पानापासून वाचायला लागला. मागच्या रांगेतला एक जण ओरडला, त्याला थांबायला सांगितलं.

"हे ड्रम नेल्याचं लेखी काही आहे का? कामाशी संबंधित आहे असं लिहायचं तर मला काहीतरी लागेल. यांच्या तोंडी सांगण्यावर पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही."

मी म्हटलं, "कागद द्या. मी लिहून देते."

लिहिलं. तारखा नऊ, ड्रम किती, कुठून कुठे, आत काय. दिवाळीपासूनचं भिवाने सांगितलं तसं. खाली नाव आणि सही. डॉक्टरने विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"यांच्या गाडीचे कागद मी लिहायचे," मी म्हटलं.

भिवाला त्या ड्रमजवळ पुन्हा जायचं नाही म्हणून डॉक्टरने लिहून दिलं. तपासण्या सांगितल्या. वास परत येईल का, विचारल्यावर डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही, येतो कधी कधी. बाहेर बाकावर बसलो तेव्हा भिवा म्हणाला, "काम गेलं म्हना की." मी हो म्हटलं. त्याने दोघांसाठी चहा आणला. त्याला चव लागत नव्हती तरी सगळा प्याला.

२१ एप्रिल, सोमवार

मंडळाच्या ऑफिसात अर्ज दिला. सोबत नऊ बिल्ट्यांच्या प्रती, पत्रक, डॉक्टरचा कागद. आवक खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कुठल्या फॉर्ममध्ये आहे? म्हटलं, फॉर्म नाही, साधा अर्ज आहे. त्याने रजिस्टर ओढलं.

"तक्रारदार?"

नाव सांगितलं.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

मी आधी माझं नाव सांगितलं. मग रविराजचं, मग कंपनीचं, मग मोशीवाल्यांचं. तो लिहायचा थांबला. "पहिलं नाव तेच आहे की, तक्रारदाराचं."

"हो," मी म्हटलं. "लिहा."

लिहिलं. पोचेवर शिक्का मारून दिला.

तिथून यार्डात गेले आणि रविराजला पोच दाखवली. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हणून. त्याने दोनदा वाचली. म्हणाला, "मावशी, मला अडकवलंत."

"मला पण," मी म्हटलं.

तो खुर्चीत बसला. अकरा वर्षांचा असताना गणितात नापास झाला होता तेव्हा याच खोलीत येऊन असाच बसला होता. तेव्हा मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. आज तसं केलं नाही. टेबलाची किल्ली ठेवली आणि निघाले.

६ मे, मंगळवार

घरीच आहे. कंबर जरा बरी आहे.

मंडळाची माणसं चाकणला येऊन गेली. ड्रम तूर्त जागेवरच थांबलेत, मोशीवाल्यांची गाडीही. मधुसूदन सरांचा फोन आला. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, तीन दिवस बसून सगळे खरे आकडे लिहून दिले, आता नोकरीचं काय होईल ते होईल, झोप मात्र लागते. मग म्हणाले, "बिल्ट्यांवरचं तुमचं अक्षर ओळखलं मंडळाच्या माणसांनी. माझ्यासमोर अर्ज वाचला."

भिवा बायकोच्या भावाकडे तळेगावला नर्सरीत काम करतोय, रोपांना पाणी घालायचं. हात अजून थरथरतो म्हणे, पण पाईप धरायला चालतो.

माझा जबाब शुक्रवारी आहे. अकरा वाजता, मूळ कागद घेऊन या म्हणालेत. त्या अधिकारी बाईंनीच फोन केला होता. नाव सांगितल्यावर मीच म्हटलं, "मार्चमध्ये मैत्रिणीसाठी विचारायला आलेली ती मीच."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वेळेवर या."